डबीतलं तेल

३ नोव्हेंबर, सोमवार

डावा पाय मांडीपासून थरथरतोय. वही मांडीवर घेतली तर अक्षरं हलतात! गाडीचा क्लच जड झालाय. गेल्या आठवड्यात थोडा वाटत होता, आज मात्र पॅडल दाबायचं म्हणजे भरलेलं पिंप पायाने सरकवायचं. पुळणीवरच्या वाळूतून तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला पाठ सीटला टेकवून, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून सगळा जीव त्या एका पायात ओतला, तेव्हा कुठे गिअर पडला.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. "काय गो, पाय कशाला चोळतेस?" म्हटलं, चिंबोरीने नांगीत धरलं. हसल्या. पण दोनदा पाहिलं माझ्याकडे.

४ नोव्हेंबर

आज कालच्यापेक्षा वाईट. कुणाला बोलले नाही.

७ नोव्हेंबर

कुणाला का बोलत नाही ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझं मलाच कळेल.

गाडी माझी नाही, बचत गटाची. आम्ही अकरा बायका. बोटी लागल्या की मासळी भरायची, बर्फ टाकायचा, बाजाराला पोचवायची. साधा टेम्पो पुळणीत रुततो, म्हणून जुनी का होईना फोर बाय फोर पिकअप घेतली. मग प्रश्न आला, चालवणार कोण? माझा दीर विनेश तयारच होता. "बायका चालवनार? आनि रुतली की मलाच हाका मारनार!" मी म्हटलं, लायसन माझ्याकडे आहे, चावी मला द्या. गटाच्या अध्यक्षा कोण, तर माझ्याच सासूबाई. वेणूबाईंनी सगळ्यांच्या देखत निकाल दिला – "सा म्हैने भाविका चालवील. गाडीला काय झालं तर चावी विनेशकडं. मंग रडायचं न्हाय."

सहा महिने डिसेंबरअखेर संपतात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कमरेला कसली तरी चावी आहे! टोपलीखाली मान घालून चालायचे दिवस गेले. सोडणार नाही.

तर आज स्वतःच पाहिलं सगळं. पायाखालची चटई काढली – पॅडल अडकत नाही. वरची स्प्रिंग जागेवर. सांध्याला खारवट गंज होता, तो घासला, ग्रीस भरलं. काही फरक नाही. आणि एक नवीनच – पॅडल दाबल्यावर वर यायलाही तयार नाही. पायाच्या चवड्याने उचलून आणावं लागतं. रुसलेल्या पोरासारखं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज फार वाईट झालं. मी केलं.

आगरदांड्याच्या रस्त्याला रत्नपालचं गॅरेज आहे, तिथे गाडी नेली. गटाची गाडी पहिल्यापासून तोच बघतो. माझ्या नवऱ्याच्या, दत्ताच्या वर्गातला, म्हणून मला वहिनी म्हणतो. सासूबाई हटकून बरोबर आल्या.

रत्नपाल गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सला लागलेला खालचा सिलिंडर सोडवला आणि आतला दांडा पहारीने हलवला. सहज हलला. म्हणाला, "बघा वहिनी, पेटीत काय न्हाय. प्लेट, बेरिंग सगळं मोकळं हाय. दुखनं वर हाय, तेलाच्या वाटेवर." मग तो सिलिंडर उघडला. आतलं रबर बोटावर घेऊन मला दाखवलं. पाण्यात घातलेल्या वालासारखं टम्म फुगलेलं! तेच नळीत घट्ट बसलंय, म्हणून पॅडल जात नाही आणि गेलं तर येत नाही.

"हे तेलानं होतं," तो म्हणाला. "चुकीचं तेल पडलं की रबर फुगतं. कुठलं घातलंत?"

मला त्या क्षणी समजलं. तिथल्या तिथे. आणि सासूबाई शेजारी उभ्या, पदर खोचून.

"तुमच्याकडचंच," मी म्हटलं. "मागे बाटली नेली होती ना, त्यातलं."

रत्नपालचा चेहरा असा पडला! त्याने बॉनेटखालच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडून वास घेतला. बोटांवर तेल चोळून पाहिलं. "माझंच? मंग डबा खराब आला असंल... सुट्टं तेल घेतलंय ह्या वेळी." स्वतःशीच बोलत होता. मग म्हणाला, "वहिनी, गाडी ठेवा. क्लचचं आनि ब्रेकचं तेल एकाच डबीतून जातं. ब्रेकचीबी रबरं बघायला पायजेत. पैसे नको, माझी चूक हाय."

सासूबाई जे सुटल्या! "आदी खराब तेल ईकायचं, आनि आता ब्रेक खोल, इंजन खोल! दर्याच्या हंगामात गाडी तुझ्या दारात ठेवू? चल गो भाविका." त्याने सिलिंडर परत बसवून दिला. मान खाली. मी गाडी सुरू केली.

११ नोव्हेंबर

खरं इथे तरी लिहू.

दिवाळीत डबीतलं तेल खालच्या रेघेला टेकलेलं दिसलं. रत्नपालची बाटली कधीच संपली होती. पोटमाळ्यावर दत्ताची बाटली होती – बोटीच्या स्टेअरिंगमध्ये घालतात ते तेल. मी विचार केला, बोटीचं सुकाणू तेलाच्या दाबाने फिरतं, क्लचही तेलाच्या दाबानेच हलतो. दाब तो दाब! अर्धी बाटली ओतली. शहाणी!! बोटीवरच्या माणसांच्या घरातच सुचू शकतं असलं काही.

चूक झाली ती झाली. पण काल खोटं बोलले ती चूक नव्हती. ते मी बघून, समजून, तोंड उघडून बोलले.

१४ नोव्हेंबर

सासूबाईंनी मुरुडच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याने क्लचची रबरं बदलली, तेल वरून थोडं भरलं, तासाभरात गाडी हातात. डबी, नळ्या काही धुतलं नाही. मी सांगायला हवं होतं, आतलं सगळं तेल काढा. कसं सांगणार? का, असं विचारलं असतं.

पण पॅडल लोण्यासारखं! आज पुळणीवर गाणं म्हणत चालवली.

१८ नोव्हेंबर

गाणं संपलं. पुन्हा जड. आत तेल तेच, मग नवीन रबर काय करणार? तेही फुगलं.

दत्ता आज बोट लावून घरी आला. जेवताना म्हणाला, "रत्नपाल वेडाच झालाय. तेलाचा आख्खा डबा मातीत ओतला. ज्यांच्या ज्यांच्या गाडीत तेल घातलं त्यांना फोन करून बोलावतोय, फुकट तेल बदलून देतोय. एकाचंबी रबर फुगलेलं न्हाय. तरी ऐकत न्हाय. म्हनतो, एक गाडी बिघडली ना, मंग माझ्यावर भरोसा कसा ठेवायचा."

मी ताट तसंच सारून उठले.

थोड्या वेळाने पोटमाळ्यावरून हाक – "माझी बाटली अर्धी कशी काय?" मी म्हटलं, उंदराने पाडली असेल, सांडली. उंदीर! एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. दत्ता बिचारा बूच घट्ट लावून परत ठेवून आला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मरणाची शरम.

काल अमावास्या झाली, त्यामुळे उधाणाचं पाणी. बोटी एकदम लागल्या, मासळी भरेपर्यंत भरती चढत आलेली. मागे बाराशे किलो ओझं. फोर बाय फोरचा दांडा टाकला, क्लच दाबला – पाय अर्ध्यावरच गळाला. गाडी धक्का खाऊन बंद. पुन्हा. पुन्हा बंद. पाणी चाकाच्या बशीला लागलं. बायका ओरडायला लागल्या, "भाविका, काड गाडी! काड!" मी दोन्ही पाय क्लचवर ठेवले. खरंच, दोन्ही! मग ॲक्सिलेटरवर कोण? रडू फुटलं रागाने.

विनेश पाण्यातून धावत आला, मला बाजूला सरकवलं, दात-ओठ खाऊन पॅडल दाबलं आणि काढली गाडी. उतरून म्हणाला, "जड हाय जरा. पन एवडं काय न्हाय. नाचता येईना अंगन वाकडं." सगळ्यांसमोर.

संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं, "रोह्याच्या खेपा आता विनेश करील. घाटात नको तुझा भरवसा. पुळनीवर तू." मी हो म्हटलं. अर्धी चावी गेली. उरलेली अर्धी धरून बसलेय.

२४ नोव्हेंबर

रत्नपालचे तीन मिस्ड कॉल. नाही घेतला.

२६ नोव्हेंबर

आज घेतला. शिव्या देईल असं वाटलं होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. तो म्हणतो, "वहिनी, ब्रेक कसा लागतोय?" मी म्हटलं, उत्तम. "पॅडल कडक वाटतं का? वर राहतं का?" म्हटलं, नाही. "बरं. गाडी माझ्याकडं नको असंल तर दुसरीकडं न्या. पन सगळं तेल काडून नळ्या धुवायला सांगा. माझ्यामुळं कुनाला काय झालं तर..."

माझ्यामुळे म्हणे! आता बोलावं, आता बोलावं असं म्हणत फोन कानाला धरून बसले. तो "ठेवतो" म्हणाला.

इकडे आड तिकडे विहीर. बोलले तर चावी गेली, आणि वर "बायकांना गाडी दिली की असंच" हे विनेशचं पालुपद जन्मभर. एकट्या मला नाही, अकराही जणींना ऐकायला लागेल. नाही बोलले तर हे असं. झोप नाही, जेवण नाही, त्यात क्लच!

२९ नोव्हेंबर

डाव्या गुडघ्याला सूज. हळद लावली.

२ डिसेंबर

मुद्दाम ब्रेक तपासला. लागतो छान. पण पूर्वीसारखा मऊ नाही. पाय ठेवला की लगेच कडक. मला वाटतंय म्हणून वाटतंय का? चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय माझं.

४ डिसेंबर, गुरुवार

बर्फाच्या कारखान्याकडून येताना उतार लागतो. तिथे न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकायची. आज सोडला. गाडी उभीच! गिअर टाकून गॅस दिला तेव्हा हाताने ढकलल्यासारखी हलली. ब्रेक सोडूनही चाकं धरून बसलाय.

उद्या विनेश घाटातून रोह्याला जाणार. सुकी मासळी आणि सासूबाई धरून पाच बायका.

घरी येईपर्यंत ठरवलं, सांगायचं. आल्यावर पाहिलं, सासूबाई सुकटीची पोती शिवत होत्या, खुशीत होत्या. "पाय बरा हाय का गो?" स्वतःहून विचारलं. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा गोड बोलल्या. रोह्याहून आल्यावर सांगते. नक्की. एकच खेप तर आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

विनेश साडेआठला गाडी घेऊन गेला. मी ओट्यावर जाळी झटकत होते. नऊच्या सुमारास रत्नपाल दारात. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. उद्या सहा डिसेंबर, दादरला निघाला होता. एसटीला वेळ होता म्हणून खाली उतरून आला. म्हणाला, "वहिनी, रागावू नका, परत तेच विचारतो. उतारावर ब्रेक सोडल्यावर गाडी सरकते का?"

मी जाळी तशीच झटकत राहिले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सरकत न्हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"कुठं हाय गाडी?"

"घाटात."

त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "फोन लावा! चाकं धरली म्हंजे तापनार. चढताना काय न्हाय, पन तापल्या चाकांनी उतार उतरायला लागला तर तेल उकळंल, आनि मंग पॅडल रिकामं जाईल. वर टोकालाच थांबवा!" तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न. शेवटची सीट म्हणून कंडक्टर ओरडत होता. जाता जाता मागे वळून दोनदा हाताने फोनची खूण केली त्याने.

विनेशचा फोन लागेना. घाटात रेंज कुठली! सासूबाईंचा बंद. पुन्हा विनेश. पुन्हा. नवव्यांदा लागला.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

"का? आत्ताच टोकाला आलो. आता उतारच हाय."

"उतरू नको! ब्रेक धरलेत."

"ब्रेक मस्त लागतायत. जरा जास्तच."

"रत्नपाल सांगून गेला आता—"

फोन स्पीकरवर असणार. मागून सासूबाई कडाडल्या, "त्याचं नाव काडू नको! आदी खराब तेल ईकलान, आता घाबरवतो. चल रं विनेश, बाजार उठंल."

"ठेवतो. वळन आलं."

"ठेवू नको! विनेश! तेल त्याचं नव्हतंच! मी घातलं. दत्ताच्या बाटलीतलं, बोटीचं. मी खोटं बोलले. सगळं खोटं बोलले. तेच तेल ब्रेकमध्ये आहे. माझी शपथ आहे, थांबव!"

पलीकडून नुसता इंजिनाचा आवाज. मग तोही बंद झाला. मग कुणीतरी बाई म्हणाली, "चाकातून धूर येतंय गो." आणि फोन कटला.

(रात्री) गाडी टोकालाच सोडून सगळे एसटीने परत आले. धड आहेत. विनेश माझ्याकडे न बघता एवढंच बोलला, की थांबल्यावर त्याने पॅडल पुन्हा दाबून पाहिलं तर ते थेट तळाला गेलं. आणि तिथून पुढे तीन वळणं, खाली दरी. सासूबाई न जेवता झोपल्या. दत्ता बोटीवर आहे, त्याला अजून माहीत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विनेशने खुंटीला अडकवलेली चावी घेऊन मी स्वतःच गटाच्या ओट्यावर गेले. बाकी दहाही जणी बसलेल्या. मधोमध चावी ठेवली. म्हटलं, काय बोलायचं ते बोला.

बोलल्या! एकेकीने बोलून घेतलं. एकीने तर हातातला बोंबील उगारला. मग सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता मारतात. चावी उचलली, माझ्या हातात कोंबली.

"चूक व्हते. पहिल्या वर्साला मी बर्फाच्या पेटीत खडं मीठ ओतलंवतं, बर्फ इतळला नि सगळा पापलेट नासला. कोन काय बोललं? बोटीचं तेल घातलं तर सांगायचं व्हतं तवाच! दोन शिव्या घातल्या असत्या नि झालं असतं. चालव तूच. त्या विनेशला घाटात धूरबी दिसला न्हाय."

बायका हसल्या. खरंच हसल्या! मीही हसले असेन. घरी येऊन मोरीत बसून रडले. दोन शिव्या. एवढ्यासाठी मी पंचवीस दिवस तोंड शिवून बसले, पाच बायकांना दरीच्या तोंडाशी नेलं. मला कुणी कोंडलेलं नव्हतंच. मीच आतून कडी लावून बसले होते.

सासूबाई जाता जाता म्हणाल्या, "रत्नपालला मी बोलले त्ये मी बघीन. पन आदी तू जायचं." दादरहून तो उद्या येईल. परवा जाते. गाडी टोकावरून ओढून आणून त्याच्याकडेच द्यायची, असंही ठरलं.

८ डिसेंबर, सोमवार

गॅरेजचं शटर बंद. मागे घरी त्याची बायको जयमाला होती. रत्नपाल दादरहून आलाच नाही, तिथूनच न्हावा शेव्याला गेला. मेव्हण्याने कंटेनरच्या यार्डात कामाला लावलंय. पाने, जॅक, सगळं गेल्या आठवड्यातच विकून टाकलेलं. "लोकांच्या जिवाशी खेळ नको, म्हनाले. माझ्या हाताचा भरवसा राहिला न्हाय." तिच्याच फोनवरून लावला. काही न लपवता सगळं सांगितलं. संपल्यावर त्याने हळू विचारलं, "म्हंजे माझं तेल चांगलं व्हतं, वहिनी?"